रथात जागा, डब्यात जागा

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०
सोबत वाचा: यशया ५६:३-८ आणि प्रेषितांची कृत्ये २१:७-९



मागच्या आठवड्यात एका बहिणीचा मेसेज आला. ती माझ्यासारखीच मूळची गोंदिया जिल्ह्यातली. शिक्षण नागपूरला झालं, आता नोकरीसाठी बंगळुरूत असते. तिने विचारलं होतं, "ताई, वेगवेगळ्या देशांतल्या मंडळ्यांना एकमेकींशी जोडायचं काम असतं ना, त्यात मला जायचं आहे. पण त्यासाठी नेमकं काय यायला लागतं? चांगलं इंग्रजी? सेमिनरीची पदवी? की पैसा उभा करण्याची हातोटी?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या तरुण संघातली कितीतरी मुलंमुली आज व्हिडिओ कॉलवर नैरोबीच्या, सोलच्या, मेलबर्नच्या विश्वासी भावंडांबरोबर प्रार्थना करतात. ओळखी भरपूर आहेत. पण ओळख आणि नातं यांत फरक असतो आणि आजचा शास्त्रभाग नेमका तोच फरक दाखवतो. म्हणून आजचं मनन हेच तिला उत्तर.

१. गर्दी सोडून रिकाम्या वाटेवर

फिलिप्प कोण होता, ते आधी आठवून घेऊ. हा बारा प्रेषितांतला फिलिप्प नव्हे. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची तक्रार आली होती की रोजच्या अन्नवाटपात आमच्याकडे दुर्लक्ष होतं. ते मिटवण्यासाठी जे सात जण निवडले, त्यांतला हा एक (कृत्ये ६). म्हणजे त्याची पहिली सेवा होती जेवण वाढण्याची! दोन भाषांच्या माणसांमध्ये उभं राहून कोणाचंही ताट रिकामं राहू नये हे बघायचं. पुढे देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या या माणसाचं शिक्षण स्वयंपाकघराच्या दारात झालं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग स्तेफनाला दगडमार झाला, छळ सुरू झाला, मंडळी पांगली. फिलिप्प शोमरोनात गेला. यहूदी लोक ज्यांच्या हातचं घेत नसत त्या शोमरोनी लोकांमध्ये त्याचं काम फळाला आलं. लोकसमुदाय ऐकत होते, रोगी बरे होत होते, नगरभर आनंद झाला होता. आणि नेमकं तेव्हाच देवाचा दूत त्याला सांगतो की ऊठ आणि यरुशलेमहून गज्जाकडे उतरणाऱ्या, ओसाड वाटेवर जा.

आपण असतो तर काय म्हटलं असतं? "प्रभू, इथे काम जोरात चाललंय, आत्ता सोडून कसं जाऊ?" फिलिप्प एक शब्दही विचारत नाही. उठतो आणि निघतो. त्या वाटेवर त्याला एकच माणूस भेटायचा होता.

२. आधी ऐकलं, मग विचारलं, मग बसला

तो एक माणूस कूश देशाचा होता. आजच्या सुदानमध्ये नाईल नदीकाठी मेरोए नावाचं नगर होतं, ती त्या राज्याची राजधानी. तिथल्या कांदके राणीच्या साऱ्या खजिन्यावर तो अधिकारी होता. पैसा, मान, रथ, सगळं त्याच्याकडे होतं. पण तो षंढ होता. अनुवाद २३:१ प्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. इतक्या लांबून, कित्येक आठवड्यांचा प्रवास करून तो यरुशलेमला भजन करायला आला आणि आता परत चालला होता. जिथे पूर्ण आत घेत नाहीत त्या दारापर्यंत जाऊन आलेला हा माणूस. तरीही हातात पुस्तक यशयाचंच.

आता फिलिप्पाची पावलं एकेक करून बघा.

पहिलं पाऊल: तो धावत जवळ गेला आणि त्याने *ऐकलं*. त्या काळी लोक मोठ्याने वाचत. काय वाचलं जातंय ते फिलिप्पाने आधी कानांनी टिपलं.

दुसरं पाऊल: त्याने *विचारलं*. जे वाचताय त्याचा अर्थ लागतोय का, एवढाच प्रश्न. भाषण सुरू केलं नाही.

तिसरं पाऊल: तो *बोलावल्यावर* रथात चढला. इथे जरा थांबा. रथ कोणाचा? त्या कूशी अधिकाऱ्याचा. यजमान तो, पाहुणा फिलिप्प. सुवार्ता घेऊन येणारा इथे दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या परवानगीने, दुसऱ्याच्या शेजारी बसला आहे.

चौथं पाऊल: *त्याच शास्त्रलेखापासून* त्याने सुरुवात केली. आपला ठरलेला धडा काढला नाही. समोरच्याच्या मांडीवर जे पान उघडं होतं, तिथूनच येशूपर्यंत पोचला.

ते पान यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाचं होतं. त्याच गुंडाळीत तीनच अध्याय पुढे, छप्पन्नाव्यात, परका आणि षंढ या दोघांसाठी देवाचं अभिवचन आहे की त्यांना माझ्या घरात जागा आणि कायमचं नाव मिळेल. वाटेत पाणी दिसल्यावर तो अधिकारी विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला आता कसली आडकाठी? हा प्रश्न वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. जन्मभर आडकाठीच ऐकलेल्या माणसाचा प्रश्न आहे तो. आणि आडकाठी कसलीच नव्हती.

३. नागपूर ते राजनांदगाव

आता तुम्हांला आपल्या मातीतली एक गोष्ट सांगते. गोंदियाचे लोक आपल्या गावाची ओळख "जंक्शन" म्हणून सांगतात. पुण्या-मुंबईतले तुम्ही लोक महाराष्ट्र एक्सप्रेस नाहीतर विदर्भ एक्सप्रेसच्या पाटीवर "गोंदिया" वाचता आणि विचारता, हे नक्की कुठे आलं? तर महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, पोवारी, गोंडी अशा भाषा इथल्या बाजारात एकाच सकाळी कानावर पडतात. नागपूरहून निघालेली गाडी भंडारा रोड, तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा करत डोंगरगडकडे जाते आणि पुढे राजनांदगाव येतं.

याच मार्गावर, १८९३ च्या सुमारास, एक मराठी कवी नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी चालला होता. वय तिशीच्या आसपास. कोकणातल्या करजगावचा जन्म, संस्कृतचा गाढा अभ्यास, देशाच्या भल्याची तळमळ आणि डोक्यात नव्या धर्मविचाराचा शोध. नारायण वामन टिळक त्यांचं नाव. आज आपण चर्चमध्ये ज्यांची भजनं गातो तेच हे रेव्हरंड टिळक. पण त्या दिवशी ते रेव्हरंड नव्हते, ख्रिस्तीही नव्हते.

डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. त्या काळात गोऱ्या माणसाने हिंदी माणसाशी डब्यात कसं वागावं याचा अनुभव सगळ्यांना होता. हा माणूस मात्र अदबीने वागला. जागा करून दिली, बोलायला लागला. आणि विषय कोणता निघाला? संस्कृत काव्य! टिळकांचं ज्यावर प्रेम होतं, तिथूनच बोलणं सुरू झालं. मग हळूहळू गप्पा ख्रिस्ताकडे वळल्या. उतरायच्या आधी त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. मनापासून वाचलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. टिळकांनी वाचण्याचा शब्द दिला.

बस, एवढंच. एक प्रवास, एक पुस्तक, एक शब्द. ही हकिगत सांगितली जाते तेव्हा पुष्कळदा तो माणूस "एक युरोपियन प्रवासी" एवढाच असतो.

टिळकांनी शब्द पाळला. सुरुवातीला दिलेल्या वचनासाठी म्हणून वाचत राहिले. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी पोचले आणि पुस्तक खाली ठेवता येईना. मग मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो त्यांच्याच इच्छेने एका भारतीय पाळकाच्या, रेव्ह. तुकाराम नथोजी यांच्या हातून. दोन वर्षं म्हटलं होतं ना? जवळपास तेवढीच लागली.

आता आजचा शास्त्रभाग आणि ही गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे प्रवास आहे. दोन्हीकडे शेजारी बसणं आहे. दोन्हीकडे समोरचा अडाणी नाही, उलट वाचणारा, शोधणारा, विद्वान माणूस आहे. आणि दोन्हीकडे एक नाव मागे राहिलं आहे: कूशी अधिकाऱ्याचं नाव बायबल सांगत नाही, आणि आपली गोष्ट सांगताना ते पुस्तक देणाऱ्याचं नाव पुष्कळदा घेतलं जात नाही.

मेसेज करणाऱ्या माझ्या बहिणी, तुझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. त्या प्रवाशाला काय येत होतं? समोरच्याच्या भाषेतल्या काव्यावर प्रेम करता येत होतं. कोणाच्या देशाशी जोडायचं असेल तर आधी त्या देशाचं काहीतरी मनापासून आवडलेलं असावं लागतं. नुसतं "मला तुमच्याबद्दल कळवळा आहे" हे पुरत नाही. कळवळा वरून खाली बघतो. आवड मात्र शेजारी बसते.

४. जोडताना तुटतं, त्याचं काय?

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पण अर्धीच सांगितली तर तुमची फसवणूक होईल.

टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमी पोचली तेव्हा लक्ष्मीबाई टिळक आपल्या माहेरच्या माणसांत होत्या, पदरात लहानगा दत्तू. त्यांच्यासाठी ती बातमी म्हणजे जिवंतपणी नवरा गमावणं होतं. पुढची चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. त्या वर्षांतलं दुःख, लोकांचे टोमणे, टिळकांवरचा राग आणि त्याच वेळी त्यांची काळजी, हे सगळं त्यांनी नंतर "स्मृतिचित्रे" मध्ये लिहिलं. तेही कडवटपणा न ठेवता, मध्येच हसवत. तुम्ही वाचलं नसेल तर जरूर वाचा. मराठीतल्या सर्वांत प्रामाणिक आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

म्हणजे बघा, एका डब्यात जुळलेल्या धाग्याने दूर एका घरातला धागा ताणला गेला. तो प्रवासी उतरून गेला होता. किंमत भरली एका तरुण बाईने, जिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

तुमच्यापैकी काही जण घरात एकटेच प्रभूला ओळखणारे आहात. तुम्हांला हे वेगळं समजावून सांगायला नको. आई बोलत नाही, काका लग्नाला बोलावत नाहीत, सणाला कुठे बसायचं कळत नाही. मला अशा पत्रांना उत्तर देताना घाईने एखादं वचन पाठवून मोकळं व्हायला आवडत नाही. टिळक दांपत्याच्या आयुष्याकडे बघून मी दोनच गोष्टी सांगू शकते.

एक: टिळकांनी नातं तोडलं नाही. ते पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले, बायकोवर विश्वास लादला नाही. दोघं पुन्हा एकत्र राहू लागली तेव्हाही लक्ष्मीबाई हिंदूच होत्या, स्वतःचं सोवळंओवळं सांभाळून.

दोन: लक्ष्मीबाईंचा बदल त्यांचा स्वतःचा होता. आधी जातिभेद मनातून गेला, तोही स्वतः विचार करून. विश्वास त्यानंतर आला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे टिळकांचं "ख्रिस्तायन" हे महाकाव्य अपुरं राहिलं तेव्हा ते पुढे नेलं याच बाईंनी, ज्यांना लग्नाच्या वेळी धड लिहितावाचता येत नव्हतं.

फिलिप्पाने रथ बळेच थांबवला नव्हता, हे इथे पुन्हा आठवा. रथ थांबवायचा हुकूम त्या अधिकाऱ्याने स्वतः दिला. ज्याला माणसं जोडायची आहेत त्याने समोरच्याच्या हातातला लगाम हिसकावायचा नसतो. घरच्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

५. पुलावरून दोन्हीकडे जा-ये

टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो. देहूच्या वाण्याने बांधलेला पूल त्यांना गालीलाच्या सुताराकडे घेऊन गेला. मग त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, कीर्तनं केली. तोवर आपल्या मंडळ्यांत बरीचशी भाषांतरित गीतं परक्या चालींवर गायली जात होती. त्यांच्या शब्दांनी मराठी मंडळीला मराठीत रडता आणि हसता येऊ लागलं.

पण मला आज सांगायचंय ते पुलाच्या दुसऱ्या टोकाचं. ज्या जस्टिन ॲबट यांच्याशी टिळकांचा पत्रव्यवहार झाला, त्यांचे वडीलही नगरकडचे अमेरिकन मिशनरी. ॲबट उतारवयात अमेरिकेला परत गेले आणि तिथे बसून त्यांनी काय केलं माहीत आहे? आपल्या संतांची इंग्रजी भाषांतरं! भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास. १९२६ पासून ही पुस्तकं एकामागून एक निघाली. १९३२ साली ते वारले, तरी महिपतीच्या "भक्तविजया"चं भाषांतर मागाहून प्रसिद्ध झालंच. पुण्यात काम केलेले स्कॉटिश मिशनरी निकोल मॅकनिकल यांनीही १९१९ साली ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांच्या अभंगांचं इंग्रजी पुस्तक काढलं. टिळकांचं एक भजनही त्यांनी इंग्रजीत केलं आणि ते ब्रिटनमधल्या भजनसंग्रहांत गेलं.

म्हणजे स्कॉटलंडमधल्या कुठल्यातरी थंडगार चर्चमध्ये बाकावर बसून लोक एका कोकणी-नाशिककर-नगरकर माणसाची प्रार्थना गात होते. द्यायला आलेले लोक घेऊन गेले. मला वाटतं, देशांना जोडणाऱ्या कामाची खरी परीक्षा हीच आहे. दहा वर्षांनी विचारायचं: या नात्यातून दोघांनाही काही मिळालं का? की एकाचा हात कायम वर आणि दुसऱ्याचा कायम खाली?

६. आम्हांला मित्र द्या

हा प्रश्न विचारणारे आपलेच एक जण होते. जून १९१० मध्ये एडिंबरो येथे जगभरच्या मिशन संस्थांची मोठी परिषद भरली. हजारावर प्रतिनिधी, बहुतेक सगळे युरोप-अमेरिकेचे. तिथे तमिळनाडूचे व्ही. एस. अझरया बोलायला उभे राहिले. वय पस्तिशीच्या आसपास. पुढे १९१२ मध्ये ते दोर्नाकलचे बिशप, म्हणजे अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. त्यांनी सभेला स्पष्ट सांगितलं की तुमचा त्याग, तुमचं दान, तुमचे कष्ट आम्ही विसरणार नाही. पण वर्षानुवर्षं एकत्र काम करूनही तुमच्यापैकी कित्येक जण भारतीय सहकाऱ्याबरोबर जेवायला बसत नाहीत. आम्हांला प्रेम हवं आहे. आम्हांला मित्र द्या, असं त्यांच्या मागणीचं सार होतं.

सभेत बऱ्याच जणांना ते झोंबलं. पण शंभरहून जास्त वर्षांनी त्या परिषदेतलं लोकांना जे आठवतं, त्यात हे भाषण पहिल्या रांगेत आहे.

टिळकांनाही हेच बोचत होतं. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सगळ्यांना तिथे जागा होती, मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. त्यांना ख्रिस्तापासून दूर जायचं नव्हतं. त्यांना मालक-नोकर हे नातं संपवून भावाचं नातं हवं होतं. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत प्रभूकडे गेले. काम लहानच राहिलं, पण प्रश्न मोठा विचारून गेले.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. काही वर्षांपूर्वी आमच्या एका ओळखीच्या मंडळीत कोरियाहून दहा-बारा पाहुणे आले होते. चार दिवस गाणी झाली, साक्षी झाल्या, मुलांना खाऊ वाटला, ग्रुप फोटो निघाले. सगळे चांगले लोक होते, मनापासून आले होते. पण आज तिथल्या बायकांना त्यातल्या एकाच व्यक्तीची आठवण आहे. एक वयस्कर बाई होत्या. त्यांना ना मराठी येई, ना हिंदी, इंग्रजीसुद्धा जेमतेम. त्या सभा सोडून मागच्या बाजूला चुलीपाशी येऊन बसल्या. लसूण सोलू लागल्या. लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होते तर हातानेच खूण करून विचारलं, कसे करायचे? स्वतः थापले, दोन फुटले, सगळ्या हसल्या. मग मोबाईलमधला आपल्या मेलेल्या मुलाचा फोटो दाखवला आणि रडल्या. आमच्या एका काकूंनी तसाच पिठाचा हात त्यांच्या पाठीवर ठेवला. काकूंचाही मुलगा गेला होता.

आजही काकू प्रार्थनेत त्या बाईंचं नाव घेतात. उच्चार चुकतो, पण घेतात. आणि तिकडून दर नाताळाला एक फोटो येतो, काही न लिहिता. दोन देश जोडले गेले, ते चुलीपाशी. फिलिप्पाची पहिली सेवाही जेवणाच्या पंगतीतलीच होती, नाही का?

७. फिलिप्प पुढे कुठे गेला?

पाण्यातून वर आल्यावर आत्म्याने फिलिप्पाला तिथून नेलं. त्या अधिकाऱ्याला तो पुन्हा दिसला नाही. पण तो अधिकारी हरवल्यासारखा झाला का? नाही. तो आनंदाने आपल्या वाटेने गेला. शिकवणारा गेला तरी आनंद गेला नाही, कारण आनंद शिकवणाऱ्यावर टांगलेला नव्हता. जोडणाऱ्याने मध्ये कायम उभं राहायचं नसतं, हे मला इथून शिकायला मिळतं. "माझ्यामुळे तुम्ही", "माझी मंडळी", "माझे तिकडचे लोक" असं ज्याच्या तोंडी सारखं येतं, त्याने हे वचन पुन्हा वाचावं.

आणि फिलिप्प? तो अजोतात दिसला, गावोगाव सुवार्ता सांगत कैसरियापर्यंत गेला आणि मग बायबल त्याच्याबद्दल गप्प होतं. जवळजवळ वीस वर्षांनी, कृत्ये २१ मध्ये, तो परत भेटतो. कैसरियात त्याचं घर आहे, चार मुली आहेत, चौघीही देवाचा संदेश सांगणाऱ्या. आणि त्या दिवशी त्याच्या घरी पाहुणा कोण उतरला आहे? पौल!

तोच पौल, जो शौल असताना स्तेफनाच्या वधाला संमत होता. स्तेफन म्हणजे फिलिप्पाबरोबर त्या सातांत निवडलेला जोडीदार. याच शौलाच्या छळामुळे फिलिप्पाला यरुशलेम सोडावं लागलं होतं. आता तो त्याच्या घरी कित्येक दिवस राहतो, जेवतो, झोपतो. त्या ओसाड वाटेवर परक्याला भाऊ मानलं. पण घरात वैऱ्याला पाहुणा म्हणून घेणं त्याहून अवघड असेल. लांबच्या देशातल्या माणसावर प्रेम करणं कधी कधी सोपं असतं. ज्याने आपल्याला दुखावलं तो मात्र बहुतेक वेळा जवळचाच असतो.

म्हणून माझ्या बहिणी, तुला माझं उत्तर असं. इंग्रजी शीक, कामाला येईल. पदवी मिळाली तर उत्तम. पैशाचा हिशोब चोख ठेवायला तर नक्कीच शीक. पण ही सगळी प्रवासाची तयारी झाली. जिथे जाशील तिथे आधी ऐक. त्यांचं गाणं, त्यांचं काव्य, त्यांचा स्वयंपाक मनापासून आवडू दे. बोलावल्याशिवाय रथात चढू नकोस, आणि उतरायची वेळ आली की उतर. सुरुवात बंगळुरूच्या तुझ्या पीजीपासून कर. तुझ्या खोलीत जी मणिपूरची किंवा ओडिशाची मुलगी राहते, तिच्या आईचं नाव तुला माहीत आहे का?

स्वतःला विचारूया

१. मी ज्यांच्यासाठी प्रार्थना करते, त्यांच्याकडून मी शेवटचं काय शिकले?

२. माझ्या विश्वासामुळे घरातल्या कोणाला दुःख झालं आहे का? या आठवड्यात वाद न घालता मी त्यांना एक फोन करू शकते का?

३. माझ्या आयुष्यातला नाव हरवलेला प्रवासी कोण? ज्याने एक पुस्तक, एक शब्द, एक जागा दिली आणि निघून गेला?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्यात येऊन राहिलास, आमच्या पंगतीत बसलास, म्हणून आम्ही तुझे झालो. आम्हांला बोलण्याआधी ऐकायला शिकव. देताना आमचा हात वर राहू नये आणि घेताना आम्हांला लाज वाटू नये. ज्या घरांत तुझ्या नावामुळे अबोला आहे, तिथे तूच धीर धर आणि आम्हांलाही धीर दे. या आठवड्यात रेल्वेत, बसमध्ये, ऑफिसात जो कोणी आमच्या शेजारी बसेल, त्याच्याकडे आम्हांला तुझ्या डोळ्यांनी बघू दे. आणि उतरायची वेळ आली की त्याला तुझ्या हाती सोपवून आनंदाने उतरू दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.

उद्याचं वाचन: प्रेषितांची कृत्ये ९:१-१९. दिमिष्कातल्या हनन्याने शौलाला "भाऊ" म्हटलं त्याबद्दल. वाचून ठेवा. प्रभू तुमचं भलं करो!